‘मी’ला रगडा देणारं भाषण

पुण्यात गणवेशातला प्रमुख पाहुणा मिळवणं अवघड नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस दीक्षान्त संचलन होतं, खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, केंद्रात रिक्रूटांची कसम परेड (शपथविधी) होते, थंडीत कॉलेजांची संमेलनं आणि एनसीसीची शिबिरं असतात. वानवडी आणि साळुंके विहारात तर निवृत्त अधिकाऱ्यांची इतकी वस्ती आहे की एका फोनवर काम होतं. त्यामुळे या शहराला सेनाधिकाऱ्याची भाषणं ऐकायची चांगली सवय आहे. आणि त्या भाषणांत एक परिच्छेद हमखास येतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर हाच:

‘आजची पिढी ‘मी’मध्ये अडकली आहे. मोबाईल, करिअर आणि पॅकेज यांच्यापलीकडे तिला काही दिसत नाही. आमच्या वेळी आधी देश, मग गाव, मग घर आणि सगळ्यात शेवटी आपण, असं होतं. सैन्यात ‘मी’ला जागा नाही. इथे फक्त ‘आम्ही’ असतो.’

टाळ्या पडतात. त्या कोण वाजवतं तेही बघावं. मंडपात बसलेले पालक, प्राध्यापक, नगरसेवक वाजवतात. ज्यांना उद्देशून हे बोललं गेलं ती अठरा-एकोणीस वर्षांची मुलं उन्हात विश्राममध्ये उभी असतात आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही हे त्यांना एव्हाना शिकवलेलं असतं. हा परिच्छेद काढून टाकावा आणि त्या जागी दुसरा लिहावा, असं माझं म्हणणं आहे. शिस्त सैल करा असं मी म्हणत नाही. उलट, शिस्तीची खरी मागणी या परिच्छेदाखाली दबून जाते, ही माझी तक्रार आहे.

समोर उभा असलेला मुलगा तिथवर कसा पोचला ते आधी पाहू. अग्निवीर जनरल ड्युटीच्या, म्हणजे चार वर्षांसाठीच्या साध्या शिपायांच्या, भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत धावलं तर पहिल्या गटाचे ६० गुण. बीमवर दहा वेळा हनुवटी वर नेली तर ४०. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बीम यांना गुण नाहीत, पण चुकलात की बाहेर. २०२३ पासून या सगळ्याच्या आधी संगणकावरची लेखी परीक्षा आली. साडेपाच मिनिटं म्हणजे चारशे मीटरचा फेरा साडेब्याऐंशी सेकंदांत, आणि तसे लागोपाठ चार. पहिला फेरा पंचाहत्तर सेकंदांत मारणारे पोरगे तिसऱ्या फेऱ्यात फुटतात. ज्याला आपला वेग ओळखता येतो, आजूबाजूचे पुढे गेले तरी स्वतःचं घड्याळ धरून धावता येतं, तो पास होतो. तळजाईवर किंवा दिघीकडच्या मोकळ्या माळावर अंधारात धावणाऱ्या या मुलांना उठवायला कुणी उस्ताद (लष्करी प्रशिक्षक) येत नाही. बऱ्याच घरांत ‘आधी डिग्री पूर्ण कर’ म्हणणारेच जास्त असतात. म्हणजे ज्या ‘मी’ला भाषणात झोडपलं जातं, त्याच ‘मी’ने या मुलाला मैदानापर्यंत आणलेलं असतं. त्याला पहिल्याच दिवशी सांगायचं की तो ‘मी’ गेटबाहेर ठेवून ये, हे गणितातही बसत नाही आणि मनातही.

या परिच्छेदाचा मोठा दोष असा की चार वेगळ्या गोष्टी एका गोणीत भरून तो एकच काठी चालवतो. लंगरच्या (स्वयंपाकघराच्या) कामाची पाळी आली की पोट दुखणं, स्वतःची बाटली भरून घेऊन नळ सोडून जाणं, हा स्वार्थ झाला. कुणी न सांगता परिस्थिती पाहून ठरवणं हा पुढाकार झाला. ‘हे का?’ आणि ‘माझा हक्क काय?’ असं विचारणं ही जाणीव झाली. आणि तीस जणांच्या बराकीत झोप न लागणं, उघड्या न्हाणीघरात संकोचणं, ही नुसती सवय. पुण्या-पिंपरीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकुलता एक म्हणून वाढलेल्या मुलाला ही शेवटची अडचण नक्की येते. ती काही आठवड्यांत जाते, तिचा चारित्र्याशी संबंध नाही. स्वार्थाशी मात्र सैन्याचं खरं भांडण आहे, आणि ते असायलाच हवं. पुढाकार सैन्याला हवाच असतो, त्यावर पदकं दिली जातात. हक्काच्या जाणिवेला तर कायद्यातच जागा आहे. चौघांना एकाच नावाने झोडपलं की ऐकणारा मुलगा सर्वांत सोपा अर्थ काढतो: डोकं चालवू नकोस. पुढे हाच मुलगा पहाऱ्यावर उभा राहतो तेव्हा आपल्याला नेमकं त्याचं डोकं हवं असतं.

पहाऱ्याचंच उदाहरण घ्या. रात्री दोन ते चार. रिक्रूटाला शिकवलेलं असतं: ‘थम! कौन आता है?’ पुढची उत्तरं ठरलेली, परवलीचा शब्द ठरलेला. पण समोरचा थांबला नाही, किंवा थांबला आणि शब्द चुकला, किंवा येणारा ओळखीचा सुभेदार साहेब आहे आणि शब्द विसरलाय, तर? जवळ विचारायला कुणी नाही. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला अडवून उभं करण्याची हिंमत त्या अठरा वर्षांच्या मुलाला एकट्याने दाखवायची आहे. ती त्याच्यात नसेल तर पलटण झोपेत मारली जाऊ शकते. या दोन तासांत ‘फक्त आम्ही असतो’ हे वाक्य त्याच्या काहीही कामाचं नाही. तिथे तो एकटाच असतो, आणि ‘आम्ही’ त्याच्या भरवशावर झोपलेले असतात.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. परेड मैदानावर तेज चल म्हणजे मिनिटाला १२० पावलं आणि पाऊल ३० इंचांचं. उंच मुलाला ते आखूड वाटतं, बुटक्याला लांब. दोघांनीही आपली नैसर्गिक चाल सोडायची असते, आणि त्याला कारण आहे. शेजाऱ्याचा खांदा डोळ्यांच्या कोपऱ्यात ठेवून स्वतःचं शरीर जुळवण्याची सवय अंगात मुरली की पुढे धुरात, अंधारात, सेक्शनच्या, म्हणजे छोट्या तुकडीच्या, हालचालीत ती उपयोगी पडते. केस कापणं, एकसारखी किट मांडणं, नावाआधी नंबर घेणं यांचाही हेतू असाच काहीसा आहे: कुणाचा बाप सरपंच आणि कुणाचा ऊसतोड कामगार, हे पहिल्या दिवसापासून दिसेनासं व्हावं. काय सोडायचं आणि का सोडायचं हे इतक्या सरळपणे सांगता येतं. तरीही भाषणात ते सांगितलं जात नाही, याचं आश्चर्य वाटतं.

दाखल्यांचीही गंमत आहे. ‘मी’ला जागा नाही असं सांगून झाल्यावर वक्ता लगेच परमवीरांच्या कथेकडे वळतो, आणि त्या कथा त्याच्याच विधानाच्या विरुद्ध साक्ष देतात. खडकीच्या पाहुण्याने रामा राघोबा राणे यांचं नाव घेणं साहजिक आहे. ते बॉम्बे सॅपर्सचे. १९४० मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी बनले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देण्याचं काम त्यांच्या तुकडीकडे होतं. ८ तारखेला काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. तुकडीतले दोघे ठार आणि राणे यांच्यासह पाच जखमी झाले. त्यांनी तिथल्या तिथे उरलेल्यांची फेररचना केली आणि काम सुरू केलं. दुसऱ्या दिवशी वळणरस्ता तयार केला, पुढे पाइनची झाडं पाडून केलेला अडथळा दिसला तर गाडीतून उतरून तो सुरुंगाने उडवला. ११ एप्रिलपर्यंत हे असंच चाललं. वरून आलेला हुकूम एवढाच होता की रस्ता मोकळा करा. कुठे वळण काढायचं, कुठे उडवायचं, जखम बांधून घ्यायची की आधी माणसं जमवायची, हे सगळं त्या एका माणसाने ठरवलं.

अरुण खेत्रपाल यांचा दाखला आणखी नाजूक आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. त्यांचा जन्म पुण्यातला, प्रबोधिनी खडकवासल्याची, रेजिमेंटचं नाव पूना हॉर्स, आणि आज खडकवासल्याला छात्र ज्या मैदानावर संचलन करतात त्याला त्यांचंच नाव आहे. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत त्यांचा रणगाडा पेटला आणि तो सोडून देण्याचा हुकूम रेडिओवर आला. आपली तोफ अजून चालते आहे, रणगाडा सोडणार नाही, असं त्यांनी कळवलं आणि लढत राहिले. वय एकवीस. भाषणांत हा प्रसंग शौर्य म्हणून सांगितला जातो आणि तो शौर्याचा आहेच. पण ऐकणारी पोरं बावळट नसतात. साहेबांनी आत्ताच सांगितलं की स्वतःचं काही चालवायचं नाही, आणि आता हुकूम न पाळणाऱ्याचा जयजयकार चाललाय, हे त्यांच्या लक्षात येतं. वक्त्याने ही गाठ तशीच सोडू नये. त्याने सरळ विचारावं: हुकूम रणगाडा सोडण्याचा होता, तो कशासाठी? खेत्रपालांचा जीव वाचावा म्हणून. त्यांनी न पाळल्याची किंमत कुणी मोजली? त्यांनी स्वतः. फायदा कुणाला झाला? मागच्या स्क्वाड्रनला. आता याच्या शेजारी दुसरा नकार ठेवा: पहाऱ्याची पाळी आली तेव्हा ‘मला बरं नाही’ म्हणणाऱ्याचा. त्याची किंमत शेजारच्या कॉटवरचा मोजतो. निर्णय स्वतःचा असणं इथे अडत नाही, त्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर पडतं ते पाहायचं. ही कसोटी रिक्रूटाला पाच मिनिटांत समजते, कारण बराकीत तो ती रोज लावत असतो.

आता अशा गोष्टीकडे येतो जी भाषणात कुणीच काढत नाही. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. तेव्हा ठरलेलं भरतीचं वय साडेसतरा ते एकवीस, सेवा चार वर्षांची, आणि शेवटी जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम. पहिल्या वर्षी महिन्याला ३० हजार, त्यातले हातात २१ हजार, बाकीचे सेवा निधीत. बाहेर पडताना सुमारे ११.७१ लाख. पायदळाच्या सेक्शनमध्ये दहा माणसं असतात. ती सगळी अग्निवीर धरली तर त्यांतले दोन, फार तर तीन राहतील. मूल्यमापन प्रत्येकाचं वेगळं. म्हणजे संस्थेनेच प्रत्येक मुलाच्या शेजारी त्याचा प्रतिस्पर्धी झोपवला आहे. योजना चांगली की वाईट, हा वाद वेगळा आहे. सेवेतल्या अधिकाऱ्याने तो व्यासपीठावरून घालू नये, आर्मी रूल्स १९५४ मध्ये त्यावर बंधनंही आहेत. पण ज्या मुलाच्या डोक्यात पंचवीस टक्क्यांचं गणित रात्रंदिवस चालू आहे, त्याला ‘तुमची पिढी स्पर्धेत बुडाली आहे’ असं सुनावणं म्हणजे त्याच्या अकलेचा अपमान. त्याने ते गणित मांडलेलं नाही.

अधिकाऱ्याला इथे करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते बोलण्याआधी करावं लागतं. उदाहरणार्थ, सेक्शनच्या दौडीची वेळ शेवटच्या माणसावर मोजायची. हे बऱ्याच ठिकाणी होतं. पण शेवटच्याच्या उशिरापायी सगळ्यांना रगडा (शिक्षेची कसरत) दिला तर काय होतं? दिवसा कुणी काही बोलत नाही. रात्री दिवे गेले की त्या शेवटच्या मुलाला बाकीचे नऊ जण बराकीत ‘समजावतात’. तो आठवड्याभरात लंगडायला लागतो, मग आजारी यादीत जातो, मग घरी. सामूहिक शिक्षेने एकी होते ही समजूत मैदानावरून दिसणाऱ्या दृश्यातून आली आहे. बराकीत नऊ विरुद्ध एक अशी फळी तयार झालेली असते. त्याऐवजी शेवटच्या माणसाची वेळ आठवड्याला किती सेकंदांनी सुधारली हे उस्तादाने वहीत लिहावं, आणि त्या सुधारणेचं श्रेय त्याच्या बडीच्या (जोडीदाराच्या) मूल्यमापनात धरावं. मग वेगवान मुलगा मागे थांबून दुसऱ्याला ओढण्यात स्वतःचंही हित पाहतो. याला कुणी स्वार्थ म्हणेल. म्हणू दे. दौड पूर्ण होते आणि कुणी लंगडत नाही.

असं काही केंद्रात चालू असेल तर भाषणात त्याचा उल्लेख करता येतो. चालू नसेल तर ‘आम्ही’वर कितीही वाक्यं घातली तरी पोकळ वाजतात.

याच संदर्भात चेटवुड यांचं वचन येतं. १० डिसेंबर १९३२ ला डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीच्या उद्घाटनाला तेव्हाचे सरसेनापती जनरल चेटवुड जे बोलले त्याचा आशय असा: देशाची सुरक्षा, मान आणि कल्याण सर्वांत आधी, दरवेळी, मग तुमच्या हाताखालच्या माणसांचा मान, कल्याण आणि आराम, तुमची स्वतःची सुरक्षा आणि सुख सगळ्यात शेवटी, दरवेळी. रिक्रूटांपुढे हे वचन ‘देश आधी, स्वतः शेवटी’ इतकं आखूड करून सांगितलं जातं. मधली ओळ गळते. ते शब्द अधिकारी होऊ घातलेल्यांना सांगितले होते. हाताखालच्या माणसाचा आराम माझ्या आरामाआधी, हे अधिकाऱ्याने स्वतःवर घेतलेलं बंधन आहे. ते रिक्रूटापुढे म्हणायचंच असेल तर मधल्या ओळीसह म्हणावं, आणि त्या ओळीतला ‘हाताखालचा’ म्हणजे तुम्ही, असं मुलांकडे बघून सांगावं. मग ते उपदेशाचं राहत नाही, वचन देणं होतं. भाषणात सगळं मागणंच असतं, द्यायचं काहीच नसतं, हा या प्रकारचा जुना रोग आहे आणि त्यावर हा चांगला उतारा आहे.

कायद्याचंही तसंच. राज्यघटनेच्या कलम ३३ ने सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला, आणि आर्मी ॲक्ट १९५० ने त्या घातल्या. हुकूम मोडण्याचा गुन्हा कलम ४१ मध्ये आहे, पण तिथे ‘कायदेशीर हुकूम’ असे शब्द आहेत, नुसता हुकूम नाही. कलम ४७ प्रमाणे हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा छळ करणं हा गुन्हा आहे, मग करणारा अधिकारी असो, जेसीओ (सुभेदारासारखा कनिष्ठ अधिकारी) असो वा हवालदार. आणि कलम २६ प्रमाणे आपल्यावर अन्याय झाला असं वाटणाऱ्या जवानाला तक्रार करता येते, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला वगळून वरच्याकडे जाता येतं. अग्निवीरालाही हाच कायदा लागू आहे. हे तीन आकडे पाहुण्याने मैदानावरून म्हणावेत की नाही यावर मतभेद होतील. मैदानावर फक्त ‘तक्रारीचा रस्ता आहे आणि तो असा आहे’ एवढं सांगून बाकीचं वर्गासाठी ठेवावं, असं मला वाटतं. पण हक्क विचारणाऱ्या पिढीला नावं ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने निदान हे लक्षात ठेवावं की हे हक्क त्या पिढीच्या जन्माच्या कितीतरी आधी, १९५० मध्येच, लिहून ठेवले गेले.

मोबाईलबद्दल दोन ओळी. त्यावर नैतिक व्याख्यान देण्याची गरज नाही. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवान-अधिकाऱ्यांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितली, त्यांत फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होते. कारण माहिती फुटण्याचं होतं. ‘बराकीतल्या एका सेल्फीच्या मागे काय-काय दिसतं’ हे रिक्रूटाला मोठ्या पडद्यावर एकदा दाखवा. भिंतीवरचा नकाशा, दारावरची पाटी, गाडीचा नंबर. पुन्हा सांगावं लागत नाही.

यावर अनुभवी मंडळी म्हणतील की सैन्य म्हणजे वादसभा नाही. गोळी येते तेव्हा कारणं सांगत बसायला वेळ नसतो, म्हणून ‘मी’ आधीच वितळवावा लागतो. यातला पहिला भाग शंभर टक्के बरोबर आहे. रायफल अडकली की काय करायचं, दबा धरून हल्ला झाला की कोणत्या बाजूला वळायचं, या हालचाली विचाराशिवाय व्हायला हव्यात आणि म्हणूनच त्या शेकडो वेळा करून घेतल्या जातात. पण त्यासाठी माणूस वितळावा लागतो हा निष्कर्ष चुकीचा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याबद्दल शिल्स आणि जॅनोविट्झ या समाजशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये दाखवलं की हरणाऱ्या बाजूचे सैनिकही टिकून राहिले ते प्रामुख्याने आपल्या छोट्या गटामुळे, त्यातल्या ओळखीच्या माणसांमुळे. मोठ्या राजकीय कल्पनांचा वाटा त्यामानाने कमी होता. गट फुटला की माणूस ढासळायचा. याचा व्यावहारिक अर्थ असा की भाषणातला ‘आम्ही’ हा एकशेचाळीस कोटींचा असून भागत नाही. तो दहा माणसांचा असावा लागतो, आणि त्या दहा जणांना एकमेकांची नावं, गावं, सवयी, भीती माहीत असाव्या लागतात. म्हणजे पुन्हा एकेक माणूसच. समोरच्याला ‘व्यक्ती’ म्हणून ओळखल्याशिवाय त्याच्यासाठी कुणी उघड्यावर धावत जात नाही.

पुण्यातल्या भाषणात शिवाजी महाराज येणारच, आणि यावेत. पण व्हॉट्सॲपवरून आलेलं, कुठल्याच कागदात न सापडणारं ‘महाराज म्हणत’ असं वाक्य नको. त्याऐवजी चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र उघडून बघावं. सैनिकांशी कसं बोलावं याचा आपल्या भाषेत इतका चांगला नमुना दुसरा मला माहीत नाही. त्यात स्वराज्य, त्याग असले मोठे शब्द शोधावे लागतील. आहे ते असं: दाणा-गवत आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, आणि मग लोक म्हणतील याच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, आणि सगळं जळून गेल्यावर कुणाची मान मारली तरी गवत परत येणार नाही. हुकूम कडक आहे, पण प्रत्येक हुकमाला कारण जोडलेलं आहे आणि ते उंदरापर्यंत खाली उतरलेलं आहे. ‘आजकालचे शिपाई स्वार्थी झाले’ असं त्यात कुठे नाही.

आता प्रत्यक्ष लिहिण्याचं. मैदानावरचं भाषण सहा ते सात मिनिटांचं असावं. व्यासपीठावरून मराठी किंवा हिंदी नीट बोललं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात, म्हणजे सातशे शब्द पुरे. सभागृहात पंधरा मिनिटं चालतात. मुलं भाषणाआधीच अर्धा-पाऊण तास उभी असतात. आठव्या मिनिटाला गुडघे ताठ धरलेला एखादा कोसळतो आणि मग सगळ्यांचं लक्ष तिकडे. मैदानावर कर्णे दूरदूर लावलेले असतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे शंभर मीटरवरच्या कर्ण्याचा आवाज सुमारे ०.३ सेकंद मागून येतो आणि शब्दांवर शब्द चढतात. लांबलचक वाक्य तिथे ऐकूच येत नाही. आठ-दहा शब्दांचं वाक्य, मग एक श्वास. संस्कृतप्रचुर शब्दांची जोडाक्षरं तर कर्ण्यात फुटतातच: ‘राष्ट्रनिष्ठा’ शेवटच्या रांगेत ‘राष्टष्टा’ अशी पोचते.

मसुदा तयार झाला की तो बरोबरीच्या कर्नलला दाखवू नये, तो ‘उत्तम’ म्हणेल. सुभेदार मेजरला, रिक्रूटांच्या एका हवालदाराला आणि नुकत्याच आलेल्या लेफ्टनंटला द्यावा, आणि प्रत्येकाला तीन ओळी खोडायला सांगाव्यात. तिघांनी खोडलेली ओळ जवळजवळ नेहमी ‘आमच्या वेळी’ने सुरू होते. संबोधनही तपासावं. ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून १७ मुली पहिल्यांदा छात्र म्हणून उत्तीर्ण झाल्या. त्यानंतरही ‘मर्दांनो’ म्हणून सुरुवात करणारा मसुदा जुना आहे, एवढंच. भाषणात एकच दाखला, एकच मागणी. दोन मागण्या केल्या की एकही लक्षात राहत नाही.

तो परिच्छेद मी असा लिहीन:

‘तुम्ही इथे स्वतः ठरवून आलात. अंधारात उठून धावलात, ते कुणी ढकललं म्हणून नाही. तो ठरवणारा माणूस मला हवा आहे. त्याला घरी पाठवू नका. मी एकच गोष्ट मागतो. तुमच्या उजवीकडे आणि डावीकडे जो उभा आहे, त्याची पाण्याची बाटली भरलेली आहे का, त्याच्या टाचेला फोड आलाय का, हे तुम्हाला माहीत पाहिजे. त्याला तुमचं माहीत पाहिजे. चार वर्षांनी तुमच्यातले काही राहतील, काही जातील. ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. पण आज रात्री पहाऱ्यावर तो जागा असेल म्हणून तुम्ही झोपाल. आता माझ्याकडून काय मिळेल ते ऐका. हुकमाचं कारण सांगण्यासारखं असेल तर सांगितलं जाईल. वेळ नसेल तर काम झाल्यावर सांगितलं जाईल. कुणी हात उचलला तर कंपनी कमांडरकडे जा. तो रस्ता कायद्याने तुमचा आहे.’

मिनिटभराचा मजकूर. यातलं एखादं वाक्य अधिकाऱ्याला पाळता येणार नसेल तर ते काढावं. ‘सांगितलं जाईल’ हे त्याच्या उस्तादांशी आधी बोलून ठरलेलं नसेल तर आधी तेच काढावं. कारण भाषणानंतर चार दिवसांनी एखादा पोरगा ‘कशासाठी, उस्ताद?’ असं विचारणार, आणि त्याला उत्तराऐवजी शिक्षेचे फ्रंट रोल (कोलांट्या) मिळाले तर पुढच्या सैनिक संमेलनात साहेब काहीही बोलले तरी ते कुणी ऐकणार नाही.

राहता राहिले पालक. सांगली, बीड, सोलापूरहून रात्रीची एसटी धरून आलेल्या आई-वडिलांना चहाच्या वेळी तीनच प्रश्न विचारायचे असतात: सुट्टी कधी, फोन कधी, आणि आजारी पडला तर आम्हाला कोण कळवणार. अधिकाऱ्याजवळ जायला ते बिचकतात, म्हणून कोपऱ्यातल्या एखाद्या शिपायाला विचारतात आणि त्याला जे ठाऊक असेल ते घेऊन परत जातात. या तिन्हींची उत्तरं कंपनीच्या फोन नंबरासकट व्यासपीठावरून द्यावीत. अर्धं मिनिट लागतं, आणि ‘आमच्या वेळी’ची ओळ काढल्यावर तेवढी जागा झालेलीच असते.